अकरा वर्षे उभ्या असलेल्या बुलेटला हात लावण्यापूर्वी

आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला असताना 1978 मध्ये त्यांनी घेतलेली साडेतीनशे सीसीची बुलेट अकरा वर्षांपासून जेल रोडच्या घराच्या पडवीत उभी आहे, किक निम्म्यावर जाऊन अडते, टाकीत गंज आहे आणि या हिवाळ्यात गाडी चालती करून महाशिवरात्रीला वडिलांना मागे बसवून त्र्यंबकेश्वरला न्यायचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्याच पत्रात पुढे डिस्क ब्रेक, 12 व्होल्टची वायरिंग, मागची चेसिस कापून एका माणसाची बुटकी सीट, आखूड सायलेन्सर आणि मॅट काळा रंग अशी यादी दिली आहे, आणि सुरुवात कुठून करावी व खर्च किती येईल, असे विचारले आहे. मी नाशिकमध्ये पंचवीसहून अधिक वर्षे जुन्या मोटारसायकलींचेच काम करीत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रातील दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहा. वडिलांना मागे बसवायचे आहे आणि सीट एका माणसाची करायची आहे. खरी अडचण इथेच आहे, कारण तुम्ही एका गाडीवर दोन वेगळी कामे एकाच वेळी करू पाहत आहात. जुनी गाडी पूर्ववत करताना प्रत्येक भाग उघडून, साफ करून, झिजला असेल तर बदलून पुन्हा त्याच्याच जागी बसवायचा असतो, आणि तो भाग मुळात तिथे कसा बसला होता हीच आपली वाटाड्या खूण असते. गाडीत बदल करताना ही खूणच पुसली जाते. दोन्ही कामे एकत्र केली आणि शेवटी गाडी सुरू झाली नाही, तर दोष अकरा वर्षांच्या गंजाचा आहे की मागच्या रविवारी तुम्ही केलेल्या जोडणीचा, हे तुम्हाला कळणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला दाखवली तर त्यालाही कळणार नाही. पोत्यांमध्ये सुटे भाग भरलेल्या कितीतरी गाड्या मी विकायला निघालेल्या पाहिल्या आहेत. त्यांतील बहुतेकांची कहाणी अशीच सुरू झालेली असते.

म्हणून माझा सल्ला असा की, या हिवाळ्यात गाडी जशी होती तशी चालती करावी आणि बदलांचा विचार पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवावा. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत हाती फार तर सोळा-सतरा रविवार मिळतात. नोकरी सांभाळून काम करणाऱ्या माणसाला एवढ्यात एकच काम नीट होते. यादीतील एखादी गोष्ट याच हिवाळ्यात करायची असेल, तर तिला एकच प्रश्न विचारावा: उद्या हे नको झाले, तर पाना घेऊन पूर्ववत करता येईल का? येत असेल तर विचार करावा, आणि त्यासाठी करवत किंवा वेल्डिंग लागत असेल तर थांबावे.

काही गोष्टी गाडी पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. इंजिन खरोखर जाम आहे की नाही, पूर्वी कोणी उघडले होते का, क्रँकची, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, अवस्था काय आहे आणि कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत, यांवर खर्च इतका बदलतो की मी एखादा आकडा लिहिला तर तो तुमची दिशाभूल करील. एवढेच सांगतो की, ठरवलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग इंजिन उघडेपर्यंत बाजूला ठेवावा आणि त्याआधी रंग, क्रोम किंवा सीट यांवर एक रुपयाही खर्च करू नये. तुमच्या बाजूची एक मोठी गोष्ट अशी की, बुलेटचे ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचे इंजिन किरकोळ फरकांनी साधारण 2010 पर्यंत बनत होते, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. त्या काळातील इतर बऱ्याच गाड्यांच्या मालकांना हे सुख नाही.

पहिला रविवार कागदपत्रांना द्यावा. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना 31 भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी नमुना 25 आहे, आणि त्याबरोबर पर्यावरण कर, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र व नवी उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी या गोष्टी येतात. पेठ रोडच्या परिवहन कार्यालयात जाण्याआधी चेसिसवरील आणि इंजिनवरील क्रमांक मातीच्या तेलाच्या फडक्याने पुसून, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावेत आणि नोंदणी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. हे आधी करण्यास सांगतो, कारण चेसिस वाळूच्या फवाऱ्याने साफ करून त्यावर पावडर कोटिंग केले की खोदलेला क्रमांक भरून जातो आणि मग तपासणीच्या दिवशी मोठी पंचाईत होते. क्रँककेस बदलली तर इंजिनचा क्रमांकच बदलतो, हेही लक्षात असू द्यावे.

आता इंजिन. किक निम्म्यावर अडते म्हणजे इंजिन जाम झाले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. बुलेटचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आला की किक तशीही अडते, आणि डीकॉम्प्रेशरची झडप काजळीने किंवा गंजाने बसली असेल तर लिव्हर दाबूनही दाब सुटत नाही. दुसरी शक्यता अशी की, अकरा वर्षांत तेलाच्या कप्प्यातील तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरले आहे आणि किक त्या तेलाला ढकलते आहे. तिसरी शक्यता किकच्या दातेरी यंत्रणेची, म्हणजे दोष गिअरबॉक्समध्ये असण्याची. म्हणून आधी खालचे नट उघडून क्रँककेसमधील सगळे तेल काढावे आणि ते मोजावे. मग स्पार्क प्लग काढून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळू फिरवावे. चाकाबरोबर इंजिन फिरले पण किक मात्र अडकतच राहिली, तर दोष किकमध्ये आहे आणि तुमचा निम्मा खर्च वाचला. चाकही हलले नाही, तर पिस्टन धरला आहे असे समजावे.

पिस्टन धरला असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल व थोडे इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतून चार-पाच दिवस राहू द्यावे, पातळी उतरेल तसे पुन्हा भरावे आणि रोज दुपारी, लोखंड जरा उबदार असताना, चाक दोन्ही दिशांना अगदी थोडे हलवून पाहावे. पहाटे गारठ्यात हा प्रयत्न करू नये. किकवर उभे राहून उडी मारणे, गाडी गिअरमध्ये टाकून ढकलणे किंवा पिस्टनवर लाकूड ठेवून हातोडा मारणे, यांपैकी काहीही करू नये, कारण रिंग तुटून सिलिंडर ओरखडला गेला की जे काम साफसफाईवर भागले असते ते बोअर करण्यावर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्यावर, जाते. आठवड्याभरात हालचाल झाली नाही तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवावे. रिंगा जिथे अकरा वर्षे टेकून होत्या तिथे सिलिंडरमध्ये गंजाचे कडे दिसेल. त्यावरून नख फिरवावे. नख अडले नाही तर हलके होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणे, पुरते. अडले तर बोअर करून वाढीव मापाचा पिस्टन घालावा लागेल. अशा वेळी पिस्टन आधी विकत घ्यावा आणि सिलिंडरबरोबर तो पिस्टनही लेथवर द्यावा, म्हणजे कारागीर त्या विशिष्ट पिस्टनला मोजून बोअर करतो. आधी बोअर आणि मग पिस्टन हा उलटा क्रम मी स्वतः सुरुवातीच्या काळात केला होता आणि ते इंजिन दोनशे किलोमीटरच्या आत तापून धरले.

सिलिंडर निघालेलाच असेल तर कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून पाहावा. बुलेटच्या क्रँकपिनवर फिरता काशाचा बुश असतो. रॉड आडव्या दिशेने थोडा डुलतो, ते चालते, पण उभ्या दिशेने जाणवेल असा खडखडाट असेल तर क्रँक उघडावाच लागतो. हे काम पडवीत होणारे नाही. क्रँकचे दोन्ही भाग पुन्हा दाबून एका सरळ रेषेत आणण्यासाठी प्रेस, सेंटर, डायल गेज आणि अनुभवी हात लागतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्याकडे असे हात मिळतात, ही नाशिककरांची जमेची बाजू आहे. कारखान्यांतून निवृत्त झालेले टर्नर-फिटर लहान शेडमध्ये काम करतात आणि मापाच्या बाबतीत ते कोणत्याही चकचकीत गॅरेजपेक्षा काटेकोर असतात. त्यांच्याकडे जाताना घाई घेऊन जाऊ नये.

बाकी जुळवणी बुलेटवर सोपी आहे. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी मोकळेपणाने फिरावेत पण वर-खाली हलू नयेत, एवढीच टॅपेटची, म्हणजे झडपांच्या फटीची, खूण आहे. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचे अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावे आणि कंडेन्सर नवा घालावा. नवे तेल भरल्यावर प्लग न लावताच चाळीस-पन्नास किका माराव्यात आणि रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तिथे तेल पोहोचले आहे का, हे पाहावे. तेल दिसेपर्यंत प्लग लावू नये. अकरा वर्षे कोरड्या पडलेल्या इंजिनचे पहिले मिनिट फार जपण्याचे असते.

टाकी आणि पेट्रोल यांबाबत पूर्वीचा अनुभव आता पुरेसा नाही. 1978 मध्ये या गाडीत पडणारे पेट्रोल आणि आज पंपावर मिळणारे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल यांत मोठा फरक आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे गाडी उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज लवकर धरतो, आणि जुनी रबरी नळी, कॉकचे कॉर्क व कार्बोरेटरमधील वायसर त्यात फुगतात किंवा चिवटपणा गमावतात. म्हणून हे सगळे नवे घालावे आणि नळी इथेनॉल सोसणारी आहे का, हे विचारून घ्यावे. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळही होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. दहा-बारा किलोमीटर चालवून प्लग काढून पाहावा, आणि तो पांढुरका दिसला तर कार्बोरेटरमधील मेन जेट एक पायरी मोठा घालावा. टाकीतील गंजासाठी सायट्रिक ॲसिडचे कोमट पाणी एक रात्र ठेवावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने धुऊन लगेच भर उन्हात तोंड उघडे ठेवून वाळवावी. नाशिकच्या हिवाळ्यातील कोरडी हवा या कामाला फार चांगली, पावसाळ्यात हेच केले तर टाकी वाळण्याआधी पुन्हा तांबूस होते. टाकीला भोक निघाले तर पेट्रोलचा वास असलेल्या टाकीवर कोणालाही वेल्डिंग करू देऊ नये. वास गेला असे वाटते तेव्हाही आत वाफ असते. पुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तेव्हा कार्बोरेटर रिकामा करण्याची सवय लावून घ्यावी.

टायर कितीही चांगले दिसत असले तरी बदलावेत. बाजूच्या चार अंकी शिक्क्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, तो वाचला की वादच उरत नाही. पुढे-मागे दोन्हीकडे 3.25-19 हे माप लागते.

डिस्क ब्रेकची तुमची इच्छा मला समजते, कारण आजच्या गाड्या चालवलेल्या माणसाला जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक नावापुरताच वाटतो. पण डिस्कसाठी पुढचे फोर्क, हब आणि हँडलवरील मास्टर सिलिंडर असे सगळेच बदलावे लागते, आणि त्या जुन्या फोर्कवर पडणारा ताण वेगळ्या जातीचा असतो. त्याऐवजी आधी आहे तो ड्रम लेथवर तपासून गोल करून घ्यावा, नवे लायनर ड्रमच्या मापाला घासून बसवावेत आणि केबल नवी घालावी. बहुतेक वेळा तक्रार इथेच संपते. तरीही कमी वाटले तर नंतरच्या बुलेटवर आलेला 7 इंची ड्रम, ज्यात दोन्ही शू पुढच्या दिशेने धरतात, तो वेगळ्या चाकात बांधून घ्यावा आणि जुने चाक जपून ठेवावे. जुन्या लायनरची पूड फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, म्हणून तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी.

12 व्होल्टच्या वायरिंगला मात्र माझा पाठिंबा आहे. सहा व्होल्टच्या दिव्यावर रात्री त्र्यंबक रस्त्याने येणे आजच्या रहदारीत सुरक्षित नाही, आणि हा बदल पूर्ववत करता येतो. आतला स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारे वेटोळे, कोणता आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे त्यावर पद्धत ठरेल, पण रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरी, कॉइल, हॉर्न आणि सर्व बल्ब एकदमच बदलावे लागतात, अर्धवट बदल चालत नाही. जुन्या वायरिंगमध्ये जोड मारत बसू नये. जुना संपूर्ण संच फोटो काढून, चिठ्ठ्या बांधून काढावा, त्याच मार्गाने नवा टाकावा आणि जुना डब्यात ठेवून द्यावा.

चेसिस कापण्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाच्या आग्रहावरून मी अशाच एका बुलेटची सीटखालची कमान कापली होती. गाडी देखणी दिसली आणि आम्ही दोघेही खूश होतो. काही वर्षांनी लग्न झाल्यावर तो तीच गाडी घेऊन आला आणि मागे बसायची सोय पूर्वीसारखी करून मागू लागला. कापलेले तुकडे भंगारात गेले होते. दुसऱ्या चेसिसची कमान आणून वेल्डिंग केले, तीनदा मोजले, तरी मागचे मडगार्ड चाकाच्या मध्यावर कधीच आले नाही. त्यानंतर मी कोणाचीही चेसिस कापलेली नाही. यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हाच अर्थ लावला आहे. आखूड सायलेन्सरही त्यामुळेच नको, शिवाय त्याने इंजिनच्या मिश्रणाची जुळवणी बिघडते.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. 2021 पासून लागू असलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. तुमची गाडी 2028 मध्ये पन्नास वर्षांची होईल. त्या नोंदणीवर रोजचा वापर करता येत नाही, म्हणून ती घ्यावी की नाही हे तुम्ही तेव्हा ठरवा, पण या हिवाळ्यात करवत चालवली तर तो निर्णय तुमच्या हातात राहणार नाही.

इथपर्यंतचा क्रम असा झाला: कागद, मग इंजिनची तपासणी, मग टाकी, ब्रेक व टायर, मग वायरिंग. रंग सर्वांत शेवटी, आणि शक्यतो गाडी पाचशे किलोमीटर चालल्यानंतर, कारण नव्या जुळणीत कुठून तरी तेल गळतेच आणि पाना घसरून ओरखडा पडतोच. रंगवण्याआधी टाकीचा एक कोपरा पॉलिशने घासून पाहावा. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात टाकीवरील सोनेरी रेषा हाताने ओढल्या जात. आजोबांच्या वेळच्या त्या रेषा धुळीखाली शाबूत असतील तर त्यांवर मॅट काळा फवारा मारण्याआधी वडिलांना एकदा टाकी दाखवा. रंग द्यायचाच ठरला तर आपल्या हवेचा विचार करावा. निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा नाशिकरोडलाही रात्री चांगलाच गारठा असतो. हार्डनर घातलेला रंग अशा थंडीत वरून सुकल्यासारखा दिसतो पण आत मऊ राहतो, आणि संध्याकाळचे दव ओल्या रंगावर बसले की चमक मरते. सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढ्याच वेळेत फवारा मारावा आणि रंगवलेला भाग सूर्य मावळण्याआधी बंद खोलीत न्यावा.

गाडी जानेवारीत सुरू झाली तर चाचणीच्या फेऱ्या संक्रांतीच्या आसपास येतील. त्या दिवसांत गळ्याभोवती जाड पट्टा किंवा मफलर गुंडाळल्याशिवाय आणि हँडलला तारेची कमान लावल्याशिवाय बाहेर पडू नये. बंदी असूनही नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा येतो आणि तो गळा चिरतो. पहिल्या फेऱ्या घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या ठेवाव्यात, प्रत्येक फेरीनंतर नट-बोल्ट, चेन आणि चाकांचे स्पोक तपासावेत, आणि पन्नास किलोमीटरनंतर तेल बदलावे. त्र्यंबकेश्वरला वडिलांना नेण्याआधी तोच रस्ता एकट्याने एकदा जाऊन यावे, तेही महाशिवरात्रीच्या गर्दीत नव्हे, एखाद्या साध्या सकाळी. तसेही गर्दीत क्लच धरून रांगत जाणे हे नव्याने बोअर केलेल्या इंजिनला सर्वांत वाईट.

येत्या रविवारी क्रँककेसमधून किती तेल निघाले, चौथ्या गिअरमध्ये चाक फिरवल्यावर काय झाले आणि प्लगचा रंग कसा आहे, एवढे तीन तपशील कळवा. तेवढ्यावरून पुढे हेड उतरवायचे की किकची बाजू उघडायची, हे सांगता येईल.